नळाला हात लावला की झिणझिण्या : गीझरची प्रश्नोत्तरे

थंडी पडली की जळगाव, धुळ्याकडून दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहितो.

प्र. दिवा लागतो, पण पाणी गारच. (चोपडा)
उ. बहुधा कॉइल गेली. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

प्र. बोअरचं पाणी आहे. गीझर कडकड वाजतो, तापायलाही उशीर लावतो. मेकॅनिक म्हणतो, नवाच घ्या. (यावल)
उ. टाकी गळते का? नाही ना? मग नवा कशाला? कॉइलवर क्षारांचा थर चढलाय. ती काढून साफ करून घ्या, टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदला. थर्मोस्टॅट 60 अंशांच्या वर नको, जास्त तापमानाला क्षार जास्त बसतात. ‘क्षार घालवणारं’ चुंबक कुणी विकायला आला तर पैसे घालवू नका.

प्र. गव्हाला पाणी देणं सुरू झालं की सकाळी पाणी कोमटच राहतं. (शिरपूर)
उ. शेतातले पंप एकदम चालू झाले की व्होल्टेज पडतं, ते मोजून घ्या. 230 ऐवजी 180 मिळत असेल, तर 2000 वॅटची कॉइल जेमतेम 1200 वॅट देते. गीझरचा दोष नाही.

प्र. पंधरा दिवसांपासून नळाला झिणझिण्या येतात. शेजारी म्हणतात, स्लीपर घालून आंघोळ करा. वायरमनने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून दिलं, आता कमी वाटतं. (रावेर)
उ. पंधरा दिवस! गीझर आत्ता मेनपासून बंद करा. कॉइलचं आवरण फुटून करंट पाण्यात, नळात उतरत असावा. ओल्या अंगाला स्लीपर वाचवत नाही. आणि ती जोडणी तर जीवघेणी आहे. उद्या न्यूट्रल कुठे तुटली, तर गीझरच्या अंगावर सगळा 230 व्होल्ट येईल, घरातली पोरं तिथेच आंघोळ करतात. ती जोडणी आजच काढायला लावा. कॉइल बदला, अर्थिंग मोजून घ्या. आपली काळी माती पावसाळ्यानंतर सुकून भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा, महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. हे सगळं परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. तो येईपर्यंत पाणी चुलीवर किंवा गॅसवर तापवा.

प्र. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, बूच लावू का? (चाळीसगाव)
उ. अजिबात नाही. पाणी तापलं की फुगतं, थेंब पडणारच. धार लागली तर प्लंबर बोलवा.