पाकळी, मणी आणि रेझिन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दाबलेल्या फुलांचे पेंडंट आणि मण्यांच्या माळा करणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न येथे घेतले आहेत. बरेचसे प्रश्न रेझिनबद्दल (ओतल्यावर काचेसारखे घट्ट होणारे पारदर्शक द्रव) असले, तरी उत्तर अनेकदा फुलाच्या वाळवणीपाशीच जाऊन थांबते.

प्रश्न: पंधरा दिवस जाड पुस्तकात दाबलेले जांभळे पॅन्झीचे फूल रेझिनमध्ये घातले. महिनाभरात ते तपकिरी पडले. रेझिन खराब होते का?

उत्तर: रेझिनला दोष देण्याआधी डाग कुठून पसरला ते पाहा. फुलाच्या मध्यापासून तपकिरी होत गेले असेल, तर आत ओल राहिली होती. फूल सगळीकडे सारखेच फिके पडले असेल, तर ते उजेडाचे काम.

पाकळी आठवड्याभरात वाळते, पण देठाजवळची फुगीर गाठ वाळायला फार वेळ घेते. ती ओल रेझिनमध्ये बंद झाली की तिला बाहेर पडायला वाटच उरत नाही. म्हणून ही गाठ मागच्या बाजूने धारदार ब्लेडने छाटून मगच फूल दाबा. फूल कोरड्या दिवशी, दव पूर्ण उडाल्यावर तोडा. वर-खाली टिपकागद, त्याच्याबाहेर पुठ्ठा आणि वर सारखे वजन अशी मांडणी करा. खरी चूक होते ती कागद न बदलण्यात. पुस्तकाची गुळगुळीत पाने ओल शोषत नाहीत आणि एकदा ओला झालेला टिपकागद ती ओल फुलालाच परत देतो. पहिले तीन दिवस रोज, नंतर दिवसाआड कागद बदला. पातळ फुलांना दोन आठवडे, जाड फुलांना तीन ते चार आठवडे लागतात. शेवटचे दोन दिवस फुले टिपकागदासकट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

वाळले की नाही हे दिवस मोजून कळत नाही. फूल गालाला लावा. गार लागले तर ओल आहे. चिमट्याने एका कडेला धरून उचलल्यावर ते लवले, तरीही ओल आहे.

रंगाचा मामला वेगळा. जांभळे, निळे आणि बरेचसे लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचे असतात. उजेड आणि आम्लता दोन्ही त्यांना बाधतात. लाल पाकळी दाबतानाच काळपट मरून होते ती त्यामुळे. झेंडूच्या पाकळीतला पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइडचा असतो, तो बराच टिकतो. विक्रीसाठी सुरुवात पिवळ्या फुलांनी आणि नेच्याच्या पानांनी करावी. निळ्या फुलांचा मोह नंतर.

प्रश्न: पांढऱ्या पाकळ्या रेझिन ओतताच पारदर्शक होतात. असे का?

उत्तर: पाकळीत पांढरे असे रंगद्रव्य बहुधा नसतेच. पेशींमधल्या हवेच्या पोकळ्या उजेड विखुरतात म्हणून ती पांढरी दिसते. त्या पोकळ्यांत रेझिन शिरले की ती तेल लागलेल्या कागदासारखी आरपार दिसू लागते. उपाय एवढाच, की रेझिन आत शिरू द्यायचे नाही. पांढरा डिंक म्हणजे पीव्हीए थोड्या पाण्यात पातळ करून मऊ ब्रशने पाकळीच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना लावा आणि पूर्ण दिवसभर वाळू द्या. एखादी कड कोरी राहिली तर रेझिन तिथूनच शिरते. दुसरी युक्ती म्हणजे पाकळीच्या फक्त पाठीला पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा अगदी पातळ हात. समोरून तो कळत नाही.

प्रश्न: यूव्ही रेझिन (अतिनील उजेडाने घट्ट होणारे) दिव्याखाली दहा मिनिटे ठेवले, तरी फुलाखाली चिकट राहते. त्यापेक्षा दोन बाटल्यांतले द्रव मिसळून घट्ट होणारे इपॉक्सी रेझिन बरे का?

उत्तर: यूव्ही रेझिन उजेड पोहोचेल तिथेच घट्ट होते. फुलाच्या सावलीत ते कितीही वेळ ठेवले तरी ओलेच राहणार. पारदर्शक साच्यात काम असेल तर साचा उलटा करून मागूनही दिवा द्या. धातूच्या तळाच्या चौकटीत ती सोय नसते, म्हणून थर पाडावे लागतात. आधी फुलाशिवाय एक मिलिमीटरचा थर ओतून पूर्ण घट्ट करा. त्यावर रेझिनचा पुसटसा हात फिरवून फूल चिकटवा आणि पुन्हा दिवा द्या. मग वरचा घुमट भरा. कोणताही थर दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड थर तापतो, आकसतो आणि चौकटीपासून सुटतो. दिव्याचे वॅट पाहण्यापेक्षा त्याची तरंगलांबी बाटलीवर लिहिलेल्या आकड्याशी जुळते का ते पाहा, बहुतेक ३६५ किंवा ४०५ नॅनोमीटर असते.

आतून घट्ट, पण वरून किंचित चिकट असेल तर ती हवेतल्या ऑक्सिजनची करामत. आणखी दोन-चार मिनिटे दिवा द्या, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.

इपॉक्सी सावलीतही घट्ट होते, त्यामुळे जाड आणि दाट फुलांच्या कामाला तेच बरे. मात्र तिथे मापाची चूक चालत नाही. समजा रेझिन आणि हार्डनर (ते घट्ट करणारे दुसऱ्या बाटलीतले द्रव) यांचे प्रमाण वजनाने २:१ आहे आणि एका पेंडंटपुरते ६ ग्रॅम मिश्रण करायचे आहे. त्यात हार्डनर फक्त २ ग्रॅम. अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे झाला की २५ टक्के चूक. ६० ग्रॅम मिश्रणात तीच चूक २.५ टक्के ठरते. म्हणून दहा-बारा नग एकदम ओता आणि ०.१ ग्रॅमचा, जमल्यास ०.०१ ग्रॅमचा काटा वापरा. बाटलीवर प्रमाण वजनाने दिले आहे की आकारमानाने, हे आधी वाचा. दोन्ही एकच नसतात. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत तीन मिनिटे सावकाश ढवळा, मग दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून आणखी एक मिनिट ढवळा. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घालणे हा हमखास काम बिघडवण्याचा मार्ग आहे. खोली २२ ते २५ अंश असावी. चोवीस तासांनी नग साच्यातून काढता येतो, पण भोक पाडणे, घासणे आणि विकणे ७२ तासांनंतरच.

दोन्ही प्रकारांत नायट्राइलचे हातमोजे आणि खेळती हवा हवीच. ओल्या रेझिनची त्वचेला ॲलर्जी एकदा जडली की बहुधा कायमची राहते. घासताना पाणी लावूनच घासा, तोंडावर धुळीचा मास्क असू द्या. उरलेले रेझिन मोरीत ओतू नका, घट्ट करून मगच टाका.

प्रश्न: पाकळीखाली चंदेरी डाग दिसतात. बुडबुडा समजून टोचला, तरी गेला नाही.

उत्तर: तो बुडबुडा नाही, पाकळी आणि रेझिनमध्ये अडकलेली हवा आहे. फूल ठेवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना ब्रशने रेझिन लावा आणि एक कड आधी टेकवून तिरपे खाली आणा. रेझिनची बंद बाटली दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवली तर ते पातळ होते आणि हवा सहज सुटते. बाटली उघडण्याआधी बाहेरून कोरडी पुसा. इतके करूनही डाग आले, तर पुन्हा पहिल्या उत्तराकडे जा. फूल वाळलेले नाही.

प्रश्न: ४५ सेंटीमीटरच्या माळेला ६ मिलिमीटरचे किती मणी लागतात? आणि माळ नेहमी हुकाजवळच का तुटते?

उत्तर: हुक आणि कड्यांचे साधारण २.५ सेंटीमीटर, पेंडंटच्या अडकवणीचे ०.५ वजा करा. उरलेले ४२ सेंटीमीटर म्हणजे ४२० मिलिमीटर भागिले ६, एकूण ७० मणी, दोन्ही बाजूंना ३५. भोक बंद असलेले किंवा वाकडे मणी निघतातच, म्हणून चार-पाच जास्त घ्या. तार माळेपेक्षा १५ सेंटीमीटर लांब कापा.

हुकाजवळ माळ तुटण्याचे पहिले कारण म्हणजे साध्या पकडीने चपटा केलेला क्रिंप मणी, म्हणजे तारेचे टोक पकडून ठेवणारा धातूचा छोटा मणी. त्याची कड तार कापते. क्रिंपची वेगळी पक्कड मिळते, तिला दोन खाचा असतात. आतल्या खाचेत दाबून मण्याला मधोमध खळी पाडा, दोन्ही तारा खळीच्या दोन बाजूंना वेगळ्या राहिल्या पाहिजेत. मग मणी आडवा फिरवून बाहेरच्या खाचेत दुमडा. दुसरे कारण ताण. मणी इतके घट्ट ओढलेले असतात, की माळ गळ्यात वळली की सगळा जोर क्रिंपवर येतो. माळ गोल वळवून धरा आणि एक-दोन मिलिमीटर ढील ठेवूनच क्रिंप दाबा. तार ४९ पदरांची घेतली तर ती मऊ पडते आणि कमी तुटते.

पेंडंटसाठी रेझिनमध्ये भोक पाडायचे असेल, तर कडेपासून किमान तीन मिलिमीटर आत आणि मंद गतीने. वेगाने ड्रिल फिरला की रेझिन तापून चिकटते. जंप रिंग (पेंडंट अडकवायची, फट असलेली कडी) दोन पकडींनी, एक टोक पुढे आणि एक मागे, अशी पिळून उघडा. बाहेर ताणून उघडलेली कडी पुन्हा नीट गोल होत नाही, फट राहते आणि पेंडंट हरवते.

प्रश्न: कानातले घातल्यावर एका ग्राहकाचा कान खाजला. हुक स्टीलचे होते.

उत्तर: बहुतेक वेळा कारण निकेल असते. सर्जिकल म्हणवल्या जाणाऱ्या ३१६एल स्टीलमध्येही निकेल असते, फक्त ते सुटते कमी. ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी टायटॅनियम किंवा नायोबियमचे हुक ठेवा. वर्णनात ‘ॲलर्जी होणार नाही’ असे लिहू नका, धातूचे नाव लिहा.

प्रश्न: साहित्याच्या दुप्पट किंमत लावते, तरी हातात काही उरत नाही.

उत्तर: दुप्पट करणाऱ्या हिशोबात तुमचा वेळ कुठेच नाही. एका नगाचा वेळ मोजू नका, दहा नगांच्या घाण्याचा मोजा. फुले तोडण्यापासून पाकीट चिकटवण्यापर्यंत हाताने केलेले सगळे काम धरा, फुले नुसती दाबून ठेवलेली असतात ते दिवस सोडा. दहातले दोन वाया जात असतील, तर दहाचा खर्च आठ नगांवर वाटा. साचे, दिवा, ड्रिलचे पाते यांची झीज आणि वेष्टन मिळवा, मग तुमचा नफा. विक्रीवर १५ टक्के कमिशन जात असेल, तर शेवटच्या रकमेला ०.८५ ने भागा. १५ टक्के नुसते वाढवले तर १०० चे ११५ होतात आणि कमिशन गेल्यावर हातात ९७.७५ येतात. भागले तर ११७.६५ होतात आणि १०० पूर्ण हातात पडतात. दुकानदारालाही माल द्यायचा असेल तर त्याचा दर आधी ठरवा, आणि स्वतः त्याच्या दुकानातल्या किमतीखाली विकू नका. तो दुसऱ्यांदा माल घेणार नाही.

प्रश्न: वर्णनात आणि पाकिटात काय असावे?

उत्तर: पेंडंटची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, माळेची लांबी, वजन, धातू, फुलाचे नाव. फोटोतलाच नग मिळेल की तसाच दुसरा, हे स्पष्ट लिहा. निम्म्या तक्रारी इथेच टळतात. एक फोटो गळ्यात किंवा कानात घातलेला हवा, नाहीतर आकार कळत नाही. घुमटावर खिडकीचे प्रतिबिंब येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरा कागद लावा. ‘वॉटरप्रूफ’ लिहू नका. आंघोळीआधी काढा, अत्तर आधी लावा आणि दागिना नंतर घाला, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका (रेझिन मऊ पडते), एवढ्या तीन ओळी चिठ्ठीवर पुरतात. मणी लहान असतात, तेव्हा तीन वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवण्याची सूचनाही द्या. पाठवताना माळेची एक बाजू कागदी स्ट्रॉमधून ओवून हुक लावा म्हणजे गुंता होत नाही, आणि पेंडंट वेगळ्या मऊ कागदात गुंडाळा, नाहीतर वाटेत मणीच रेझिनवर ओरखडे काढतात.