कारखान्यावरचं ५० किलोवॅट सोलर मेन पॅनेलच्या रिकाम्या एमसीसीबीवर (मोठ्या ब्रेकरवर) जोडलं तर चालेल का?

जोडता येतं, पण आधी पॅनेल उघडून बसबार (सगळे ब्रेकर ज्या धातूच्या पट्टीवर जोडलेले असतात ती) किती अँपिअरचा आहे ते बघा. तुम्ही म्हणताय टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, इनकमर (महावितरणची वीज आत येते तो मुख्य ब्रेकर) २०० अँपिअर. ५० किलोवॅट म्हणजे ४१५ व्होल्ट थ्री फेजवर साधारण ७० अँपिअर, ब्रेकर १०० चा लागेल. आता बसबारपण २०० चाच असेल आणि सोलर इनकमरच्या शेजारी जोडलं तर महावितरणकडून २०० आणि सोलरचे ७० असे २७० अँपिअर एकाच पट्टीतून जाऊ शकतात, आणि इनकमर ट्रिप होणार नाही कारण त्याला फक्त त्याचे २०० दिसतात! मी असं एक पॅनेल बघितलंय, जॉइंटजवळची स्लीव्ह वितळून काळी पडलेली, बोल्ट निळे झालेले, आणि मालकाला पत्ताच नाही.

म्हणून सोलरचा ब्रेकर बसबारच्या दुसऱ्या टोकाला घ्या, म्हणजे करंट दोन्हीकडून येतो आणि मधे कुठंच बेरीज होत नाही. तिथं जागा नसेल तर बसबार मोठा करा, पैसे वाचवू नका ओ.

आणि जनरेटर आहे का? असेल तर सोलर चेंजओव्हरच्या (महावितरण की जनरेटर ते बदलणाऱ्या स्विचच्या) आधी, ग्रिडच्या म्हणजे महावितरणच्या बाजूला जोडा, नाहीतर जनरेटर चालू असताना माग बंद पडले की सोलरची जास्तीची वीज उलटी जनरेटरच्या अल्टरनेटरमध्ये (वीज बनवणाऱ्या भागात) शिरते. लाईट गेली की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारा) आपोआप बंद होतो, तो बिघाड नाही, खांबावरच्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून तसं असतं. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसायच्या आधी चालू करू नका.