लाँगयरब्येनला राहायला जाताय तर आधी दारातले प्राणी बघा

ताई, नवऱ्याला नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर दोन वर्षांची नोकरी लागलीय, एप्रिलच्या सुरुवातीला तिथल्या लाँगयरब्येन गावात पोचताय, आणि तुम्ही विचारलंय की घराच्या खिडकीतून पांढरं अस्वल दिसतं का आणि मोठी लेन्स घेऊ का. माझा इथला सातवा हिवाळा आत्ताच संपला म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खिडकीतून अस्वल दिसलं तर इथे कोणी खूश होत नाही, लगेच गव्हर्नरच्या ऑफिसला फोन जातो आणि हेलिकॉप्टरने त्याला गावापासून लांब हाकलतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये एअरपोर्टजवळच्या कॅम्पिंगवर झोपलेल्या माणसाला अस्वलाने मारलं, अस्वलालाही गोळी लागली आणि तेही मेलं. त्या आठवड्यात गावात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलाला घाबरवायचं साधन, म्हणजे फ्लेअर गन वगैरे, जवळ लागतंच आणि बहुतेक लोक रायफलही घेतात, त्यामुळे सुरुवातीचे महिने गाइडबरोबर किंवा सवय असलेल्या माणसाबरोबरच जा. २०२५ पासून नियमही कडक झालाय: अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचं आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. चुकून जवळ आलात तर मागे फिरायचं. मला हा नियम पटतो. पिल्लं घेऊन बर्फावर सील शोधणाऱ्या आईच्या मागे स्नोमोबाइल लावून फोटो काढण्यात काही अर्थ नाही.

आता दारातलं सांगते. इथले रेनडिअर आखूड पायांचे, गुबगुबीत, घरांच्या मधून बिनधास्त फिरतात. शिकारीने संपत आले होते, १९२५ मध्ये संरक्षण मिळालं म्हणून आज दिसतात. पहिल्याच मार्चमध्ये मी फोटोसाठी एकाच्या मागे मागे गेले, तो दोनदा थांबला, मान वर करून बघितलं, आणि तिसऱ्यांदा चढावर गुडघाभर बर्फातून पळत सुटला. शेजारच्या आजोबांनी ते बघितलं होतं. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की शरदात साठवलेल्या चरबीवर हा जूनपर्यंत काढतो, तू आत्ता त्यातली थोडी जाळलीस. ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. त्यात अधूनमधून हिवाळ्यात पाऊस पडतो आणि जमिनीवर बर्फाचा काचेसारखा थर बसतो, मग खुराने कितीही उकरलं तरी खालचं गवत लागत नाही, तेव्हा काही रेनडिअर किनाऱ्यावर जाऊन समुद्री शेवाळ खातात. म्हणून चरणाऱ्याने मान वर केली की तिथेच थांबायचं, परत खायला लागला तर ठीक, नाही तर दहा पावलं मागे. हे एवढं जमलं की लेन्सची फारशी गरज पडत नाही, मी तर आठ बाय बेचाळीसची दुर्बीणच गळ्यात टाकून फिरते. एक मात्र करा, थंडीत बॅटरी आतल्या खिशात ठेवा आणि घरात शिरायच्या आधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा, नाही तर गरम हवेत त्याच्यावर दव धरतं.

जूनमध्ये गावाजवळच्या अॅडव्हेंटडालेन दरीच्या रस्त्यावर कुत्र्यांच्या आवाराजवळ जा. स्लेजचे कुत्रे साखळीला बांधलेले, भुंकून कान किटतात, आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर आयडर बदकांच्या माद्या अंडी उबवत बसलेल्या. कुत्र्यांमुळे कोल्हा जवळ येत नाही हे त्यांना पक्कं कळलंय. मादी इतकी तपकिरी की आधी दगडच वाटतो, मग त्या दगडाची पापणी हलते. माझ्या मते अख्ख्या गावात बघण्यासारखी याहून भारी जागा नाही. तिथे रस्ता सोडून आत जाऊ नका, मादी उठली की वर टपून बसलेला गल हा समुद्रपक्षी लगेच अंडं उचलतो. सुरयांची, म्हणजे आर्क्टिक टर्नची, घरटी असतील तिकडे डोक्यावर काठी उभी धरून चाला, हे पक्षी थेट अंटार्क्टिकाकडून आलेले असतात आणि डोक्याचा सगळ्यात उंच भाग टोचतात, काठी असली की काठीला टोचतात.

मांजर आणायचा विचार असेल तर सोडून द्या, इथे पाळायला बंदी आहे, पक्ष्यांसाठीच. आणि भारतीय कोणी भेटेल का असंही विचारलंय तुम्ही. थोडे आहेत, शिवाय उत्तरेला नी-ऑलेसुंडला आपलं हिमाद्री स्टेशन आहे २००८ पासून, ते गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून चालतं.

तुम्ही पोचाल तेव्हा काळोखाचे महिने संपलेले असतील आणि २० एप्रिलच्या आसपास सूर्य मावळायचा बंद होईल. तेव्हा गावावरच्या पठाराच्या दगडी उतारांवर लिटल ऑक परतलेले असतात, साधारण साळुंकीएवढे, काळे-पांढरे, इथले लोक आल्केकोंगे म्हणतात. हजारोंचा थवा एकदम उठतो, एक गोल चक्कर मारतो, परत दगडांवर बसतो. एखाद्या निवांत रात्री खिडकी थोडी उघडून ठेवा, लग्नघरातल्या बायका हसताहेत असा आवाज वरून येईल, तो त्यांचाच.