सात माणसं, तीन वर्षं: दारू पिऊन झालेले अपघात आणि शिक्षा

अपघात नुकसानभरपाईवरच्या मागच्या लेखानंतर आलेली बरीचशी पत्रं भरपाईपेक्षा शिक्षेबद्दलच होती. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: घरात शिरून भांडी चोरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दारू पिऊन गाडीखाली माणूस चिरडणारा मात्र दोन-तीन वर्षांत बाहेर. हा न्याय म्हणायचा का? (इचलकरंजी)

तुमची तुलना बरोबर आहे. राहत्या घरातल्या चोरीला जुन्या दंडसंहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा होती आणि नव्या संहितेतही तेवढीच आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला मात्र कलम 304 अ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि तीही केवळ दंडावर सुटू शकत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106(1) लागू झालं. आता मर्यादा पाच वर्षं आहे आणि कैदेसोबत दंडही आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. 'दारू पिऊन गाडी चालवून माणूस मारणे' असा स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात नाही. नुसत्या पिऊन चालवण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 185 आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. माणूस मेला म्हणून हा आकडा वाढत नाही. मृत्यूसाठी दोनच कप्पे: एक निष्काळजीपणाचा, कलम 106, आणि दुसरा सदोष मनुष्यवधाचा, कलम 105, म्हणजे जुनं 304 भाग दोन, दहा वर्षांपर्यंत. पहिला जामीनपात्र, म्हणून आरोपी पोलीस ठाण्यातूनच जामिनावर घरी जातो. दुसरा अजामीनपात्र, आणि तो सत्र न्यायालयात चालतो. दोन्हींच्या मध्ये फक्त एक शब्द आहे: 'जाणीव'. आपल्या कृत्याने कोणी मरण्याचा संभव आहे हे चालकाला माहीत होतं, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं.

मुंबईच्या कार्टर रोडचा खटला बघा. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के अल्कोहोल निघालं, म्हणजे 100 मिलिलिटरला 112 मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा 30 ची. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने साधी कैद दिली. उच्च न्यायालयाने 304 भाग दोन लावून ती तीन वर्षं सक्तमजुरी केली. जखमींबद्दलच्या शिक्षा वेगळ्या दिल्या, पण सगळ्या एकत्र भोगायच्या. जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं कायम केली, आणि ही शिक्षा अपुरी आहे असंही लिहिलं. मग वाढवली का नाही? सरकारने त्यासाठी अपीलच केलं नव्हतं म्हणून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या 1999 सालच्या बीएमडब्ल्यू अपघाताचा निकाल आला. सहा मृत्यू. कलम 304 भाग दोनच लागलं, पण शिक्षा 'भोगली तेवढी पुरे'. सोबत 50 लाख रुपये भरायचे आणि दोन वर्षं समाजसेवा.

या दोन्ही खटल्यांत कायद्याची कमाल मर्यादा दहा वर्षं होती. शेवटी कायम झालेली शिक्षा तिच्या निम्म्यापर्यंतही गेली नाही. म्हणून 'शिक्षा वाढवा' ही मागणी आम्हाला अर्धवट वाटते. आमच्या मते सात मृत्यूंना तीन वर्षं न्याय्य नव्हतीच. पण उपाय हवा तो मधल्या कप्प्याचा: नशेत चालवून मृत्यू, असा वेगळा गुन्हा, ज्यात नशा आणि चालक कोण एवढं सिद्ध झालं की पुरे, 'जाणिवे'वर दहा वर्षं वाद नको, आणि खाली किमान शिक्षा. किमान मात्र माफक असावी. ती फार चढी ठेवली तर न्यायालयं हलक्या कलमाकडे वळतात, आणि आपण पुन्हा जिथल्या तिथे.

प्रश्न: आमच्या भाच्याच्या अपघातात चालक पिऊन होता हे सगळ्या गल्लीने पाहिलं. एफआयआरमध्ये मात्र 106 आणि 281 (बेदरकारपणे वाहन चालवणं) एवढीच कलमं आहेत. 105 लावून घ्यायला काय करायचं? (नाशिक)

एफआयआरमधलं कलम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तपासात पुरावा आला की पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून कलम वाढवू शकतात, आणि आरोप निश्चित झाल्यानंतरही निकालापूर्वी न्यायालय आरोपात बदल करू शकतं. पण नुसतं 'पिऊन होता' यावर 105 टिकत नाही. त्याच्या जोडीला 'जाणीव' दाखवणारं काहीतरी लागतं. कार्टर रोडच्या खटल्यात ते होतं: चालक त्याच भागात राहणारा होता, तिथे मजूर झोपतात हे त्याला ठाऊक होतं, आणि वेग भरमसाठ होता. तुमच्या प्रकरणात सोबतच्यांनी 'तू चालवू नकोस' म्हटलं होतं का, उलट दिशेने गाडी आली का, आधी कुठे धडक देऊन तो पुढे निघाला होता का, परवाना होता का, हे शोधा.

तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, प्रत पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षकांना, आणि पोच घ्या. अर्जात मागण्या नेमक्या लिहा. बार किंवा हॉटेलचं बिल आणि ऑनलाइन पेमेंटची नोंद. वाटेवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण; हे सगळ्यात आधी, कारण दुकानांच्या डीव्हीआरवर जुनं चित्रण पंधरा दिवस ते महिन्याभरात पुसलं जातं. ते घेताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत हवं, नाहीतर पुढे ते पुरावा म्हणून वाचलं जाणार नाही. आणि आरटीओ निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल, कारण 'ब्रेक निकामी झाले' हा बचाव ठरलेलाच असतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 193 नुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं. त्याचा हवाला अर्जात द्या.

न्यायालयात आरोप वाचले जातील तेव्हा त्यात 'मद्याच्या अमलाखाली' हे शब्द आहेत का ते तुमच्या वकिलांकडून तपासून घ्या. कार्टर रोडच्या खटल्यात न्यायालयाने निश्चित केलेल्या आरोपात ते शब्द नव्हते, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत युक्तिवाद चालला. तो फेटाळला गेला खरा, पण ही फट ठेवायची कशाला?

प्रश्न: पोलिसांनी चालकाला अपघातानंतर सात तासांनी दवाखान्यात नेलं. अहवालात 22 मिलिग्रॅम. म्हणजे तो सुटला का? (सोलापूर)

कलम 185 मधून बहुधा सुटला. 105 मधून सुटलाच असं नाही.

शरीर अल्कोहोल जवळपास एकसारख्या गतीने जाळतं. बहुतेकांच्या रक्तातलं प्रमाण तासाला 10 ते 20 मिलिग्रॅमने उतरतं. सरावलेल्या पिणाऱ्यांत जरा जास्त. 15 धरले तर सात तासांत 105 उतरले, म्हणजे अपघाताच्या वेळी 127 च्या आसपास. 10 धरले तरी 92. असा उलटा हिशेब न्यायवैद्यक तज्ज्ञ साक्षीत मांडू शकतो, पण बचावाचे वकील दोन प्रश्न हमखास विचारतात. शेवटचा पेला अपघाताच्या आधी किती वेळ घेतला होता? (रिकाम्या पोटी प्रमाण अर्ध्या-एक तासात शिखर गाठतं, भरल्या पोटी उशिरा.) आणि अपघातानंतर घाबरून घरी जाऊन प्यायला नाही कशावरून? त्यामुळे शेवटच्या पेल्याची वेळ सांगणारं बिल इथे फार मोलाचं ठरतं.

हे सात तास टाळता आले असते. कलम 185 खाली अटक केली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर आरोपीला कोठडीतून सोडावं लागतं. फुंकणीच्या चाचणीला त्याने नकार दिला तरी रक्त घेता येतं आणि नकार त्याच्या विरोधात वाचता येतो. रक्त कसं घ्यायचं याचे नियम महाराष्ट्रात 1959 पासून आहेत. त्वचा स्पिरिटने पुसायची नाही, निर्जंतुक पाण्याने पुसायची. किमान 5 मिलिलिटर रक्त घ्यायचं. कुपीत गोठण रोखणारं पोटॅशियम ऑक्झलेट आणि टिकवणारं सोडियम फ्लोराइड हवं. फ्लोराइड कमी पडलं तर जंतू साखरेपासून कुपीतच अल्कोहोल तयार करतात, आणि बचावाला आयतं हत्यार मिळतं. त्यावर डॉक्टरची मोहोर असलेलं सील. तपासणीचं प्रमाणपत्र नमुना 'अ' मध्ये, प्रयोगशाळेला पत्र 'ब' मध्ये, आणि प्रयोगशाळेचा अहवाल 'क' मध्ये.

खटले ढासळतात ते बहुधा याच साखळीत. कुपी कोणत्या फ्रिजमध्ये होती, चावी कोणाकडे, कोणता शिपाई कधी घेऊन गेला, सीलचा ठसा जुळतो का? सलमान खान यांना 2002 च्या वांद्रे अपघातात सत्र न्यायालयाने पाच वर्षं दिली होती. डिसेंबर 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, त्यात रक्ताच्या नमुन्याबाबतच्या त्रुटी हे एक कारण होतं. पुण्याच्या मे 2024 मधल्या पोर्शे अपघातात तर नमुनाच बदलल्याचा आरोप आहे, आणि त्यात ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली.

तुम्ही मागायचं ते हे: नमुना 'अ' ची प्रत. त्यात रक्ताशिवाय चाल, बोलणं, बुबुळं, तोंडाचा वास यांच्या नोंदी असतात. आकडा कमी आला तरी त्या नोंदी उरतात.

प्रश्न: कल्याणीनगरच्या पोर्शे प्रकरणात दोन इंजिनिअर गेले, आणि सतरा वर्षांच्या मुलाला निबंध लिहायला सांगितला. त्याला प्रौढ का मानलं नाही? (पुणे)

300 शब्दांचा निबंध ही शिक्षा नव्हती, पहिल्या दिवशीच्या जामिनाची अट होती. तीन दिवसांत आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडलं.

प्रौढ म्हणून खटला चालवायचा तर वय सोळा ते अठरा आणि गुन्हा 'घृणास्पद', म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा हवा. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी असली तरी सात वर्षांची किमान नाही. अशा गुन्ह्यांना 'गंभीर'च म्हणायचं, घृणास्पद नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2020 रोजी दिला. तो खटलाही दिल्लीतल्या एका अल्पवयीन मुलाच्या मर्सिडीजखाली गेलेल्या तरुणाचाच होता. पुणे पोलिसांचा अर्ज बाल न्याय मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळला. बालकाला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं.

पालक किंवा वाहनमालकावर मात्र मोटार वाहन कायद्याचं 199 अ थेट लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. सोसायटीच्या पार्किंगमधून पोराला चावी देणाऱ्या आईबापांना हे कलम माहीत नसतं.

प्रश्न: न्यायालयाने दोषी ठरवलं पण शिक्षा एकच वर्ष दिली. आम्ही अपील करू शकतो का? (अमरावती)

शिक्षा कमी वाटते एवढ्याच कारणावर, नाही. पीडितांना अपील तीनच कारणांवर करता येतं: आरोपी निर्दोष सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी दिली. शिक्षा वाढवण्याचं अपील फक्त सरकार करतं. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कायद्यातली ही जागा आम्हाला सरळ अन्यायाची वाटते. कार्टर रोडची तीन वर्षांची शिक्षा याच दारात अडली.

म्हणून आधी निकालपत्र नीट वाचा. आरोप 105 चा होता आणि दोष 106 खाली ठरला असेल, तर ते 'हलकं कलम', आणि दार उघडं आहे. तसं नसेल तर निकालाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात काढून जिल्हा सरकारी वकिलांकडे आणि विधी व न्याय विभागाकडे अपिलासाठी लेखी विनंती करा. मुदत संपल्यावर गेलात तर कोणी ऐकणार नाही.

प्रश्न: इंग्लंडमध्ये शिक्षा कडक आहेत म्हणतात. खरं का? (लंडनहून एक वाचक)

नशेत बेपर्वाईने चालवून मृत्यू घडवणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. जून 2022 पासून त्याची कमाल शिक्षा चौदा वर्षांवरून जन्मठेप केली आहे. गंमत म्हणजे पिण्याची मर्यादा तिथे सैल: इंग्लंडात 100 मिलिलिटरला 80, स्कॉटलंडमध्ये 50, आपली 30. कागदावर आपण कडक.

प्रश्न: विमा कंपनी म्हणते, चालक प्यायला होता म्हणून पैसे नाहीत. शिवाय भरपाई घेतली तर खटला मागे घ्यावा लागेल असं एकाने सांगितलं. (सांगली)

दुसरी गोष्ट साफ खोटी. भरपाई आणि फौजदारी खटला यांचे रस्ते वेगळे, आणि 106 किंवा 105 हे आपसांत मिटवण्याच्या यादीतले गुन्हे नाहीत. 'केस मागे' लिहिलेल्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका.

पहिलीबद्दल: नशेत चालवणं हा कंपनीचा बचाव 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात आहे. पण मृताच्या वारसांना आधी रक्कम द्यायची आणि मग ती वाहनमालकाकडून वसूल करायची, असा आदेश मोटार अपघात दावा न्यायाधिकरण देऊ शकतं. तो अर्जात स्पष्ट मागा. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करा. पोलिसांनी न्यायाधिकरणाला 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल द्यायचा असतो. त्या दुसऱ्या अहवालाची प्रत तुम्हाला मिळते. चालकाच्या वैद्यकीय तपासणीचा रकाना कोरा आहे का ते पाहा.