टॉर लावलं की गायब?

प्रश्न: ताई, हॉस्टेलच्या वायफायवर टॉर ब्राउझर वापरला तर कुणालाच काही कळत नाही असं मित्र म्हणतो, खरंय का?

उत्तर: अर्धंच खरंय रे. टॉर तुझा ट्रॅफिक एन्क्रिप्ट करून (म्हणजे इतरांना वाचता येणार नाही असा करून) सहसा तीन कॉम्प्युटरांवरून फिरवतो, त्यामुळे साइटला तुझा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसत नाही, हॉस्टेलवाल्यांना तू काय बघतोस ते दिसत नाही, पण तू टॉरला जोडलायस एवढं त्यांच्या लॉगमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या नोंदींत, दिसू शकतं. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका पोराने परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी मेल केली, आणि वापरलं काय तर युनिव्हर्सिटीचंच वायफाय! तेव्हा टॉरवर कोण होतं ते नेटवर्कवरून काढलं, एफबीआयवाले चौकशीला गेले, गडी कबूल. एन्क्रिप्शन कुणी तोडलंच नाही. आणि हो, टॉरमधून स्वतःच्या जीमेलला लॉगिन करू नकोस, तिथे नाव तूच सांगतोस.