गॅनिमीड मोठा की बुध? वाचकांचे प्रश्न

गुरूचा गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे, असं वाचलं. मग त्याला ग्रह का म्हणत नाहीत?

वाचलंत ते बरोबर आहे. गॅनिमीडचा व्यास ५,२६८ किमी, बुधाचा ४,८७९. शनीचा टायटनही (५,१५० किमी) बुधाच्या पुढे आहे. पण ग्रह म्हणवून घ्यायची पहिली अट सूर्याभोवती फिरण्याची. गॅनिमीड फिरतो गुरूभोवती, म्हणून तो उपग्रह.

मला मात्र त्याच्या वस्तुमानाचं जास्त नवल वाटतं. एवढा मोठा असून ते बुधाच्या निम्म्याहूनही कमी आहे. गॅनिमीडमध्ये खडकाच्या जोडीला भरपूर बर्फ आहे. बुधाचा लोखंडी गाभा मात्र इतका मोठा, की केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतच्या अंतराचा चार-पंचमांशाहून जास्त भाग त्यानेच व्यापलाय. कुठलीही तुलना वाचताना व्यासाशेजारी वस्तुमान दिलंय का, हे जरूर पाहा.

आणखी एक. १९८० पर्यंत सर्वांत मोठा उपग्रह म्हणून टायटनचं नाव घेतलं जाई. दुर्बिणीतून दिसणारी त्याची कड जमिनीची नव्हती, दाट वातावरणातल्या धुक्याची होती! व्हॉयेजर-१ हे यान त्याच्याजवळून गेलं, जमिनीचा खरा व्यास कळला आणि पहिला क्रमांक गॅनिमीडकडे गेला.

एरिस प्लूटोपेक्षा मोठा निघाला म्हणून प्लूटोचं ग्रहपद गेलं ना?

वादाला तोंड फुटलं ते नेपच्यूनच्या पलीकडे सूर्याभोवती फिरणाऱ्या या एरिसमुळेच. २००५ मध्ये त्याचा शोध जाहीर झाला, तेव्हा तो प्लूटोहून मोठा असावा असं वाटलं होतं. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या प्रागच्या अधिवेशनात ग्रहाची व्याख्या ठरली आणि दोघेही बटुग्रह झाले, म्हणजे सूर्याभोवती फिरणारे, गोल, पण आपली कक्षा इतर पिंडांपासून मोकळी न केलेले.

इतक्या दूरच्या ठिपक्याचा व्यास मोजायचा तरी कसा? २०१० मध्ये एरिस एका ताऱ्यासमोरून गेला. तारा किती सेकंद झाकला गेला हे वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजलं, त्याला वेगाने गुणलं, की एरिसची रुंदी हाती येते. याला पिधान म्हणतात. व्यास निघाला २,३२६ किमी. पुढे २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान प्लूटोपाशी पोचलं आणि त्याचा व्यास ठरला २,३७७ किमी. म्हणजे व्यासाने प्लूटो किंचित मोठा, पण वस्तुमान एरिसचं सुमारे २७ टक्के जास्त. आपला चंद्र (३,४७४ किमी) या दोघांपेक्षाही मोठा आहे.

२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, असा मेसेज दरवर्षी येतो. खरं का?

नाही. मंगळाचा व्यास चंद्राच्या जेमतेम दुप्पट. तो चंद्राएवढा दिसायला साडेसात लाख किमीवर यावा लागेल. २७ ऑगस्ट २००३ ला तो हजारो वर्षांत सर्वांत जवळ आला, तेव्हाही साडेपाच कोटी किमीहून दूर होता. ७५ पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, असं मूळ मजकुरात होतं. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळाली.

गुरूमध्ये किती पृथ्वी मावतील? तो आणखी वाढला असता तर तारा झाला असता का?

आकारमानाने सुमारे १,३००. वस्तुमान मात्र पृथ्वीच्या ३१८ पटच, कारण तो मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा आहे. तारा व्हायला त्याला आजच्या सुमारे ८० पट वस्तुमान लागलं असतं. पण तेवढी भर घातली तरी व्यास फारसा वाढत नाही. गुरुत्वाकर्षणाने आतला वायू आणखी दाबला जातो. सर्वांत छोटे तारे गुरूएवढेच असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

शिवाय गुरू नेमका गोल नाही. दहा तासांच्या आत तो स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे मध्ये फुगलाय: विषुववृत्तावर व्यास १,४२,९८४ किमी, ध्रुवांमधून १,३३,७०८. हा फरकच मंगळाच्या व्यासाहून मोठा आहे. लहान दुर्बिणीतूनही गुरूचा चपटेपणा दिसतो. त्याच्यावरचे ढगांचे पट्टे ज्या दिशेने जातात त्या दिशेची रुंदी आणि तिला काटकोनातली उंची ताडून पाहा.