इटलीच्या पहिल्या ग्रुप टूरला जाताना

इटलीत ग्रुप टूरचं वेळापत्रक बसचालकाच्या तासांवर चालतं, हे आधी समजून घ्या. साडेचार तास गाडी चालवल्यावर त्याला एकूण 45 मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसाचे तासही ठरलेले असतात. बसमधलं यंत्र सगळं नोंदवतं. म्हणून दोन जण वीस मिनिटं उशिरा आले, तर संध्याकाळचं एखादं ठिकाण सगळ्यांचंच हुकू शकतं. कृपा करून वेळ पाळा.

व्हेनिसला बस ट्रोंकेत्तो बेटावरच्या वाहनतळापर्यंतच जाते, पुढे बोट. शहरात पुलांना पायऱ्या आहेत, त्यामुळे चाकांची मोठी बॅग बसमध्येच ठेवा. पाठीवर पाणी, औषधं, पातळ रेनकोट एवढं पुरे. रोममध्ये पाणी विकत घेऊ नका. रस्त्यांवरच्या नळांना, म्हणजे नाझोनींना, पिण्याचं थंड पाणी चोवीस तास असतं. रिकामी बाटली मात्र जवळ हवी.

व्हॅटिकनला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक ओढणी पर्समध्ये असू द्या. सिस्टीन चॅपेलमध्ये फोटो काढायला आणि बोलायला मनाई आहे, तेव्हा गाइडचं सगळं ऐकणं आत शिरण्यापूर्वीच होतं. तेव्हा बाहेरच नीट लक्ष द्या, नाहीतर आतलं चित्रांनी भरलेलं छत नुसतंच बघून याल.

बूट नवे नकोत. दगडी फरसबंदीवर तासन्‌तास चालायचंय. निदान दोन आठवडे वापरलेलेच घाला. स्वच्छतागृहासाठी 50 सेंट आणि 1 युरोची नाणी वेगळी ठेवा.